ऑल्ट+टॅबच्या पुढे: उघड्या विंडोंमध्ये कीबोर्डवरून फिरण्याची पद्धत

जीएसटीचं काम करणाऱ्या ऑफिसात महिन्याची १४ तारीख उलटली की जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारं पत्रक, जुळवायला बसावं लागतं. पोर्टलवरून उतरवलेली एक्सेल फाइल एकीकडे, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधलं खरेदीचं रजिस्टर दुसरीकडे, ब्राउझरमध्ये पोर्टल तिसरीकडे. टॅलीवर बसणारी माणसं कीबोर्डवर तरबेज असतात. एफ८ ने सेल्स, एफ९ ने पर्चेस, एफ५ ने पेमेंट, बोट आपोआप जातं. पण टॅलीतून एक्सेलकडे जायचं म्हटलं की तोच हात माउस शोधतो. टास्कबारवर एक्सेलवर क्लिक करायचं, तीन फाइलींची छोटी चित्रं वर आली की त्यातली हवी ती ओळखायची, ती उघडायची आणि हात पुन्हा कीबोर्डवर आणायचा. एका बिलासाठी हे दोनदा होतं. दोनशे बिलं असतील तर चारशे वेळा.

यात जाणाऱ्या सेकंदांपेक्षा मला जास्त खटकतं ते लक्ष तुटणं. बिल नंबरचे शेवटचे चार आकडे डोक्यात धरून तुम्ही निघालेले असता आणि चिन्ह शोधता शोधता ते आकडे निसटतात. मग पुन्हा मागे जाऊन बघायचं. भाषांतर करणारे, प्रुफं तपासणारे, ऑनलाइन अर्ज भरून देणारे, कोड लिहिणारे, सगळ्यांचं हेच होतं. दोन-तीन विंडोंमध्ये दिवसभर ये-जा असलेल्या प्रत्येक कामात हे आहे.

शॉर्टकटच्या लांबलचक याद्या कुठेही मिळतात. त्या पाठ करून फारसं काही हाती लागत नाही, कारण कोणती की कधी वापरायची हे त्यात नसतं. विंडो बदलण्याच्या कीज मुळात दोन प्रकारच्या आहेत. काही क्रमाने नेतात: आत्ता इथे आहे, मघाशी तिथे होतो, मला मघाशीच्या जागी परत ने. काही ठरलेल्या जागेने नेतात: मी आत्ता कुठेही असेन, मला एक्सेलवर ने. ऑल्ट+टॅब पहिल्या प्रकारातली आणि विंडोज+आकडा दुसऱ्या प्रकारातली. दोन्ही हाताशी असल्या की बाकीच्या कीज अडीनडीला लागतील तेव्हा लागतील.

आधी विंडोज १० आणि ११ बद्दल सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या बहुतेक ऑफिसांत तेच आहे. मॅक आणि लिनक्स शेवटी.

ऑल्ट+टॅब: बोटं कुठे ठेवायची

डाव्या हाताचा अंगठा डाव्या ऑल्टवर, आणि अनामिका किंवा मधलं बोट टॅबवर. ऑल्ट दाबून धरायचा, टॅबवर एकदाच टिचकी मारायची, मग ऑल्ट सोडायचा. मघाशी ज्या विंडोत होता ती समोर येते. पुन्हा तेच केलं की जिथून आलात तिथे परत. यासाठी स्क्रीनवर येणाऱ्या चित्रांकडे बघण्याचीही गरज नाही, ती दिसायच्या आत काम होऊन जातं.

डावाच ऑल्ट वापरा. ₹ चिन्ह देणाऱ्या इंग्लिश (इंडिया) कीबोर्डवर उजव्या ऑल्टला वेगळं काम दिलेलं असतं. उजवा ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ उमटतं ते त्यामुळेच. विंडो बदलायला तो अंगवळणी पडला तर पुढे गोंधळ होतो.

आता एक्सेल आणि टॅली एवढ्या दोनच विंडो उघड्या ठेवून सराव करून बघा. एक्सेलमध्ये बिल नंबरच्या सेलवर कंट्रोल+सी, ऑल्ट+टॅब, टॅलीत शोधा, ऑल्ट+टॅब, खाली बाण, पुन्हा कंट्रोल+सी. पहिल्या दहा ओळींना अवघडल्यासारखं वाटेल. त्यानंतर हाताला एक ताल सापडतो आणि नजर फक्त आकड्यांवर राहते.

तिसरी विंडो उघडली की काय बिघडतं

ऑल्ट+टॅबबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे. “कधी बरोबर जातं, कधी भलतीकडेच जातं,” असं लोक म्हणतात. ते भलतीकडे जात नाही. शेवटच्या वापराप्रमाणे ते विंडोंची रांग लावतं आणि तुम्ही हलाल तशी ती रांग दर वेळी बदलते. ही रांग एकदा नीट समजून घेतली की कुठे पोहोचणार हे आधीच कळतं.

समजा रांग अशी आहे: एक्सेल, टॅली, पोर्टल. तुम्ही एक्सेलमध्ये आहात. एक टॅब दिला की टॅलीत जाल आणि रांग होईल टॅली, एक्सेल, पोर्टल. आणखी एक टॅब दिला की परत एक्सेल, आणि रांग पूर्ववत. या दोघांत कितीही वेळा फिरा, पोर्टल तिसऱ्या जागी स्वस्थ बसून राहतं.

आता एक्सेलमधून पोर्टलवर जायचंय. ऑल्ट धरून ठेवा, टॅब दोनदा, मग ऑल्ट सोडा. रांग झाली: पोर्टल, एक्सेल, टॅली. काम झालं, एका टॅबने एक्सेलवर परत आलात. रांग: एक्सेल, पोर्टल, टॅली. आता सवयीने एक टॅब देऊन टॅलीत जायला गेलात तर पोर्टल समोर येतं, कारण टॅली तिसऱ्या जागी सरकलेली असते. पोर्टलवरून परतल्यावर पहिल्यांदा टॅलीत जाताना दोन टॅब द्यायचे. त्यानंतर पुन्हा एक एक पुरतो. व्हॉट्सॲपचा मेसेज बघून आलात, कॅल्क्युलेटर उघडून आलात, तरी हाच नियम: मध्ये जी विंडो पाहिली ती रांगेत पुढे घुसलेली असते.

याच नियमाचा एक छान उपयोगही आहे. मोजून तीनच विंडो उघड्या असतील आणि तिन्हींत आळीपाळीने जायचं असेल, तर दर वेळी टॅब दोनदाच द्या. एक्सेल, मग पोर्टल, मग टॅली, मग पुन्हा एक्सेल असं चक्र आपोआप फिरतं. कागदावर रांग मांडून एकदा पडताळून बघा, म्हणजे रांग कशी हलते ते मनात पक्कं बसेल.

यातून दोन सवयी निघतात. पहिली: कामाला बसताना नको असलेल्या विंडो बंद करा. रांग जितकी आखूड, तितका अंदाज पक्का. दुसरी: विंडो मिनिमाइझ करू नका. काम झालं की वजाच्या चिन्हावर क्लिक करून विंडो खाली पाठवायची सवय अनेकांना असते. मिनिमाइझ केलेली विंडो रांगेच्या टोकाला ढकलली जाते आणि एका टॅबवर असलेली गोष्ट सात टॅबवर जाते. दुसरी विंडो समोर आली की पहिली तिच्यामागे झाकली जातेच, ती मुद्दाम खाली पाठवायचं कारण नाही.

ऑल्ट धरलेला असताना आणखी काय करता येतं

ऑल्ट दाबून धरला आणि टॅब एकदा दिला की सगळ्या विंडोंची चित्रं समोर राहतात. त्या वेळी:

- टॅब जास्त वेळा पडून हवी ती विंडो मागे गेली, तर शिफ्टसह टॅब द्या, निवड उलटी फिरते.
- बाणाच्या कीजनेही हवी तिथे जाता येतं. दोन ओळी भरून चित्रं असतील तेव्हा हे बरं पडतं.
- निवड ज्या विंडोवर आहे ती तिथल्या तिथे बंद करायची असेल तर डिलीट दाबा. सकाळपासून साठलेल्या विंडो साफ करायला याच्याइतकं सोपं काही नाही.
- कुठेच जायचं नसेल तर एस्केप.

ज्यांना ऑल्ट दाबून धरणं त्रासाचं होतं, बोटं दुखतात किंवा एकच हात वापरता येतो, त्यांनी कंट्रोल+ऑल्ट+टॅब वापरावं. सगळ्या कीज सोडल्या तरी चित्रं समोर राहतात. बाणाने निवडा, एंटर द्या. तीन कीज एकदम दाबणंही जमत नसेल तर सेटिंग्जच्या ॲक्सेसिबिलिटी विभागात (विंडोज १० मध्ये ईज ऑफ ॲक्सेस) स्टिकी कीज सुरू करा, मग ऑल्ट, कंट्रोल, शिफ्ट एकामागून एक दाबले तरी चालतात.

ऑल्ट+एस्केप ही कमी माहीत असलेली की आहे. ती चित्रं न दाखवता सरळ पुढची विंडो समोर आणते आणि आत्ताची सगळ्यात मागे टाकते. तीन-चार विंडो एकामागून एक नजरेखालून घालायच्या असतील तर सोयीची. मिनिमाइझ केलेली विंडो मात्र ती उघडून देत नाही.

ऑल्ट+टॅबमध्ये ब्राउझरचे टॅब दिसतात तेव्हा

मायक्रोसॉफ्ट एज वापरणाऱ्यांना ऑल्ट+टॅबमध्ये विंडोंबरोबर एजचे टॅबही स्वतंत्र चित्रं म्हणून दिसू शकतात. २०२० च्या ऑक्टोबरमधल्या विंडोज १० च्या अपडेटपासून हे आलं. वरची सगळी रांग यामुळे कोलमडते, कारण एकाच ब्राउझरच्या जागी पाच गोष्टी रांगेत उभ्या राहतात. मी तरी हे बंद करण्याच्या बाजूचा आहे. सेटिंग्ज, त्यात सिस्टिम, त्यात मल्टिटास्किंग उघडा. ऑल्ट+टॅब दाबल्यावर टॅब दाखवायचे का, असा पर्याय तिथे दिसेल. विंडोज ११ मध्ये ‘डोन्ट शो टॅब्ज’ आणि विंडोज १० मध्ये ‘ओपन विंडोज ओन्ली’ निवडा.

विंडोज+आकडा: प्रत्येक ॲपला ठरलेली जागा

मला विचाराल तर संपूर्ण विंडोजमधली ही सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि सगळ्यात उपयोगी सोय आहे. टास्कबारवर डावीकडून पहिलं ॲप म्हणजे विंडोज+१, दुसरं म्हणजे विंडोज+२, असं नऊपर्यंत, आणि दहाव्यासाठी विंडोज+०. स्टार्ट, सर्च आणि टास्क व्ह्यू यांची चिन्हं मोजायची नाहीत, त्यानंतरच्या पहिल्या ॲपपासून मोजायचं. विंडोज ११ मध्ये चिन्हं मधोमध असतात, तरी मोजणी डावीकडूनच.

ॲप बंद असेल तर ते सुरू होतं, उघडं असेल तर समोर येतं. रांगेचा काही संबंध नाही. तुम्ही मध्ये पाच विंडो बघून आलात तरी विंडोज+२ म्हणजे टॅली ते टॅलीच.

मांडणी एकदा करून ठेवा:

१. रोज लागणारी चार-पाच ॲप ठरवा. त्याहून जास्त नको, आकडे लक्षात राहत नाहीत.

२. प्रत्येक ॲप उघडा, टास्कबारवरच्या त्याच्या चिन्हावर राइट क्लिक करा आणि ‘पिन टू टास्कबार’ निवडा.

३. नको असलेली पिन केलेली चिन्हं त्याच पद्धतीने ‘अनपिन’ करून काढून टाका. नव्या कॉम्प्युटरवर दुकानाची, बातम्यांची अशी चिन्हं आधीपासून लावलेली असतात.

४. चिन्हं माउसने ओढून क्रम लावा. सगळ्यात जास्त लागणारं पहिल्या तीन जागांत ठेवा, कारण अंगठा विंडोज कीवर असताना १, २ आणि ३ डाव्या हाताच्या सहज टप्प्यात येतात. मी सुचवीन: १ ब्राउझर, २ मुख्य काम (टॅली असो, वर्ड असो), ३ एक्सेल, ४ फाइल एक्सप्लोरर.

५. हा क्रम नंतर बदलू नका. घरचा आणि ऑफिसचा असे दोन कॉम्प्युटर असतील तर दोन्हीवर तोच लावा.

एकाच ॲपच्या अनेक विंडो उघड्या असतील, म्हणजे एक्सेलच्या तीन फाइली, तर विंडोज दाबून ठेवून ३ पुन्हा पुन्हा दाबा, एकेक फाइल निवडली जाते. शेवटी जिच्यात काम करत होता तीच हवी असेल तर कंट्रोलही जोडा: विंडोज+कंट्रोल+३ ने थेट तीच समोर येते. त्याच ॲपची नवी कोरी विंडो हवी असेल तर विंडोज+शिफ्ट+३.

आकडा आठवत नसेल तर विंडोज+टी. टास्कबारच्या पहिल्या चिन्हावर निवड जाते, बाणाने पुढे सरका, एंटर द्या.

दोन्ही प्रकार एकत्र कसे वापरायचे ते जुळवणीच्या कामावरच पाहू. टॅली आणि एक्सेल यांच्यातली सततची ये-जा ऑल्ट+टॅबने. मध्येच पोर्टलवर पुरवठादाराचा जीएसटी नंबर तपासायचाय, तर विंडोज+१. तपासून झालं की विंडोज+३ ने एक्सेल आणि मग विंडोज+२ ने टॅली. एवढं केलं की रांगेत टॅली आणि एक्सेल पुन्हा पहिल्या दोन जागांवर येतात आणि ऑल्ट+टॅबचा ताल जिथे सोडला होता तिथून सुरू होतो. टॅब मोजत बसावं लागत नाही.

एकाच ॲपच्या फाइली, ब्राउझरचे टॅब

एक्सेल किंवा वर्डच्या दोन फाइलींमध्येच ये-जा असेल तर कंट्रोल+एफ६ त्याच ॲपच्या पुढच्या फाइलवर नेतं. काही लॅपटॉपवर एफ-कीजसोबत एफएन दाबावं लागतं.

फाइलींच्या नावांकडेही बघा. ऑल्ट+टॅबमधल्या चित्रावर नावाची सुरुवातच तेवढी दिसते. पोर्टलवरून उतरलेल्या फाइलचं नाव आकड्यांनी भरलेलं असतं आणि अशा तीन फाइली शेजारी शेजारी आल्या तर ओळखू येत नाहीत. सेव्ह करतानाच ‘जून २बी’, ‘जुलै २बी’ असं ओळखीचा शब्द आधी येईल असं नाव द्या. दृष्टिहीन मंडळी एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर वापरतात, तेव्हा ऑल्ट+टॅब देताना विंडोचं हे नावच त्यांना ऐकू येतं. त्यांच्याबरोबर फाइली वाटून घेत असाल तर नाव नीट देणं तुमच्याकडून व्हायलाच हवं.

ब्राउझरच्या आत कंट्रोल+टॅबने पुढचा टॅब, कंट्रोल+शिफ्ट+टॅबने मागचा. क्रोम आणि एजमध्ये हा क्रम डावीकडून उजवीकडे असतो, शेवटच्या वापराचा नसतो. ऑल्ट+टॅबची सवय झाल्यावर हा फरक काही दिवस जाचतो. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या जनरल भागात शेवटच्या वापराचा क्रम निवडण्याची सोय आहे. कंट्रोल+१ ते ८ त्या त्या क्रमांकाच्या टॅबवर नेतात आणि कंट्रोल+९ सगळ्यात शेवटच्या टॅबवर, मग टॅब कितीही असोत. पंचवीस टॅब उघडले असतील तर क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल+शिफ्ट+ए दाबा आणि नावातला एखादा शब्द टाइप करा.

दिवसभर लागणारी एखादी वेबसाइट टॅबांच्या गर्दीतून बाहेर काढून स्वतंत्र विंडोत ठेवावी. क्रोम आणि एजच्या मेनूत वेबसाइट ॲप म्हणून इन्स्टॉल करण्याचा पर्याय असतो. तसं केलं की तिला टास्कबारवर आपलं चिन्ह मिळतं, ती पिन करता येते आणि विंडोज+५ सारखा हक्काचा आकडा तिला देता येतो. व्हॉट्सॲप वेब आणि ईमेल यांच्यासाठी हे नक्की करा.

मराठी आणि इंग्रजी टायपिंग करणाऱ्यांसाठी

आपल्यासारख्यांना हा भाग इतरांपेक्षा जास्त लागतो, आणि शॉर्टकटच्या इंग्रजी याद्यांत तो नसतो. वर्डमध्ये मराठी पत्र लिहिताय, संदर्भासाठी ब्राउझरमध्ये जाऊन इंग्रजी शब्द शोधायचाय. विंडो बदलली, पण कीबोर्ड मराठीच राहिला आणि शोधाच्या चौकटीत ‘GST’ ऐवजी भलतीच देवनागरी अक्षरं उमटली. ती पुसायची, भाषा बदलायची, शोधायचं, परत यायचं, पुन्हा भाषा बदलायची.

विंडोज प्रत्येक विंडोची भाषा वेगळी लक्षात ठेवू शकतं, फक्त ती सोय मुळात बंद असते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज असं जा. विंडोज १० मध्ये डिव्हायसेस, मग टायपिंग, मग ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज. तिथे ‘लेट मी यूज अ डिफरंट इनपुट मेथड फॉर ईच ॲप विंडो’ असा पर्याय आहे, त्यापुढच्या चौकटीत खूण करा. आता वर्डमध्ये एकदा मराठी निवडली की ती विंडो मराठीच राहते, ब्राउझर इंग्रजीच राहतो आणि ऑल्ट+टॅब केलं की भाषाही आपोआप बदलते. नवी उघडलेली विंडो मूळ ठरवलेल्या भाषेत सुरू होते, तिच्यात एकदाच भाषा निवडावी लागते. दोन्ही भाषांत काम करणाऱ्याने या लेखातलं काहीच केलं नाही, एवढं एक केलं, तरी खूप त्रास वाचेल.

दुसरी भानगड डाव्या ऑल्ट+शिफ्टची. अनेक कॉम्प्युटरवर या दोन कीजने भाषा बदलते. उलट दिशेने जायला ऑल्ट+शिफ्ट+टॅब द्यायला गेलात आणि टॅब दाबण्याआधीच बोटं उचलली गेली, तर विंडो तीच राहते आणि भाषा बदलून बसते. वरच्याच पानावर ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ हा दुवा आहे, तिथे जाऊन ऑल्ट+शिफ्टला दिलेलं काम काढून टाका. भाषा बदलायला विंडोज+स्पेस पुरेसं आहे.

दोन कामं एकाच वेळी: वेगळे डेस्कटॉप

सकाळी एका क्लायंटचं काम, दुपारी दुसऱ्याचं, आणि दोन्हीच्या विंडो उघड्याच ठेवायच्या, अशा वेळी विंडोज+कंट्रोल+डी दाबा. एक नवा, रिकामा डेस्कटॉप मिळतो. दुसऱ्या कामाच्या विंडो तिथे उघडा. विंडोज+कंट्रोल+उजवा किंवा डावा बाण यांनी एका डेस्कटॉपवरून दुसऱ्यावर जाता येतं. ऑल्ट+टॅबमध्ये साधारणपणे त्या त्या डेस्कटॉपवरच्याच विंडो दिसतात, म्हणून रांग आखूड राहते. तुमच्याकडे सगळ्याच दिसत असतील तर मल्टिटास्किंगच्या त्याच पानावर ते बदलता येतं. विंडोज+कंट्रोल+एफ४ ने तो डेस्कटॉप बंद होतो आणि त्यावरच्या विंडो शेजारच्या डेस्कटॉपवर जातात, काही गमावत नाही. सगळं एकदम बघायला विंडोज+टॅब.

आणि कित्येकदा विंडो बदलण्याची गरजच नसते. विंडोज+डावा बाण दाबला की समोरची विंडो स्क्रीनच्या डाव्या अर्ध्यात बसते. उरलेल्या अर्ध्यासाठी दुसरी निवडा आणि दोन्ही शेजारी शेजारी दिसू द्या. मोठ्या मॉनिटरवर प्रुफं ताडून बघायला हेच उत्तम. चौदा इंची लॅपटॉपवर एक्सेलचे रकाने कापले जातात, तिथे ऑल्ट+टॅबच बरं. दोन मॉनिटर असतील तर विंडोज+शिफ्ट+बाण विंडोला दुसऱ्या मॉनिटरवर नेतो.

अडलेल्या वेळी

सगळं बाजूला सारून डेस्कटॉप बघायचाय: विंडोज+डी. पुन्हा दाबलं की विंडो जिथल्या तिथे. समोरची सोडून बाकी सगळ्या खाली पाठवायला विंडोज+होम.

विंडो उघडी आहे, ऑल्ट+टॅबमध्ये दिसते, पण निवडली तरी स्क्रीनवर येत नाही. ऑफिसातला दुसरा मॉनिटर काढून लॅपटॉप घरी आणला की हे हमखास होतं, कारण ती विंडो त्या नसलेल्या मॉनिटरवर राहिलेली असते. ऑल्ट+टॅबने ती निवडा, ऑल्ट+स्पेस दाबा, मग एम, मग कोणताही एक बाण. आता माउस हलवला की विंडो त्याच्याबरोबर आत येते, हव्या त्या जागी क्लिक करून सोडा. ती पूर्ण स्क्रीनभर मोठी केलेली असेल तर ‘मूव्ह’ चालत नाही, अशा वेळी आधी विंडोज+शिफ्ट+बाण करून बघा.

रिमोट डेस्कटॉपवरून सर्व्हरवर काम करताना ऑल्ट+टॅब कधी आपल्या कॉम्प्युटरच्या विंडो बदलतं, कधी पलीकडच्या. जोडणी पूर्ण स्क्रीनवर असेल तर सहसा पलीकडच्या बदलतात, लहान चौकटीत असेल तर आपल्या. चौकटीत असताना पलीकडच्या विंडो बदलायला ऑल्ट+पेज अप वापरा. कनेक्ट करण्यापूर्वी ‘लोकल रिसोर्सेस’च्या पानावर कीबोर्डचा पर्याय असतो, तिथे हे कायमचं ठरवता येतं.

विंडोज की दाबूनही काहीच होत नसेल तर कीबोर्डवर ती बंद ठेवण्याचं बटण आहे का बघा. गेम खेळणाऱ्यांसाठी बनवलेल्या कीबोर्डवर ते असतं आणि चुकून दाबलं जातं.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर कमांड+टॅब विंडो बदलत नाही, ॲप बदलतं. विंडोजवरून मॅकवर गेलेले पहिले काही आठवडे इथेच चिडतात. एक्सेलच्या तीन फाइली असल्या तरी कमांड+टॅबमध्ये एक्सेल एकदाच दिसतं. त्या फाइलींमध्ये फिरायला कमांड आणि बॅकटिक, म्हणजे ~ चिन्ह ज्या कीवर असतं ती. आधी ॲप, मग त्याची विंडो, अशी दोन पायऱ्यांची सवय लावली की सुरळीत चालतं. कमांड धरलेला असताना क्यू दाबलं की निवडलेलं ॲप बंद होतं, एच दाबलं की लपतं. कमांड+एमने मिनिमाइझ केलेली विंडो नुसत्या कमांड+टॅबने परत येत नाही. ॲपवर निवड नेल्यावर ऑप्शन दाबून धरायचा आणि मग कमांड सोडायचा, तेव्हा ती उघडते. त्यापेक्षा मिनिमाइझ न करता कमांड+एचने ॲप लपवावं. कंट्रोल+वरचा बाण सगळ्या विंडो पसरून दाखवतो, कंट्रोल+खालचा बाण फक्त त्या ॲपच्या. भाषेसाठी कीबोर्डच्या सेटिंग्जमधल्या इनपुट सोर्सेसमध्ये डॉक्युमेंटप्रमाणे भाषा आपोआप बदलण्याचा पर्याय आहे.

लिनक्सवर केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप वापरत असाल तर ऑल्ट+टॅब विंडोजसारखंच चालतं. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये ऑल्ट+टॅब दिल्यावर एका ॲपच्या सगळ्या विंडो एकाच चिन्हाखाली गोळा झालेल्या दिसत असतील, तर दोन मार्ग आहेत. एक, मॅकसारखंच ऑल्ट आणि बॅकटिकने त्या ॲपच्या विंडोंमध्ये फिरणं. दुसरा, सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडून शॉर्टकट बदलण्याच्या यादीत नेव्हिगेशनखाली ‘स्विच विंडोज’ शोधणं आणि त्याला ऑल्ट+टॅब देणं. तसं केलं की प्रत्येक विंडो सुटी दिसते आणि वर सांगितलेली रांग जशीच्या तशी लागू होते. सुपर म्हणजे विंडोजचीच की, ती आणि आकडा दाबून उबुंटूच्या डाव्या पट्टीवरची ॲपही क्रमांकाने उघडतात, तिथे मोजणी वरून खाली. कीबोर्डच्या त्याच पानावर प्रत्येक विंडोची भाषा वेगळी ठेवण्याचाही पर्याय आहे, मराठी लिहिणाऱ्यांनी तो पहिल्याच दिवशी निवडून टाकावा.